घोंगडीचं अस्तर

येडगाव, ता. जुन्नर
२६ एप्रिल १९९९

आदरणीय कॅप्टन दिघे साहेब यांना सादर नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. आपण ज्यांचं विमान चालवता त्या शेठजींच्या खाजगी धावपट्टीवर राखणदार असलेल्या म्हस्कूंची मी मुलगी, वैजयंता. धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडशेजारी ज्या दोन खोल्या आहेत, त्यांत आम्ही राहतो. मी गेल्या वर्षी बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. सध्या नारायणगावच्या एका खाजगी शाळेत तात्पुरती शिकवते.

दहा तारखेला विमान उडताना अपघात झाला तेव्हा मी शाळेत होते. संध्याकाळी घरी आले तर विमान नाल्याच्या बांधावर नाक खुपसून आडवं पडलेलं. आपला पाय मोडला आणि शेठजींचा खांदा निखळला, हे ऐकून फार वाईट वाटलं. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

पण हे पत्र मी फक्त तब्येत विचारायला लिहीत नाही. शेठजींच्या मॅनेजर साहेबांनी पोलिसांत लिहून दिलं आहे, की ऐन वेळी धावपट्टीवर मेंढरं आली म्हणून विमान वळवावं लागलं आणि दोष राखणदाराचा आहे. बाबांना तोंडावर म्हणाले, "मेंढक्याला वॉचमन केला की मेंढरं येणारच." महिनाअखेर खोल्या खाली करायला सांगितलं आहे.

साहेब, आमची मेंढरं माझा भाऊ गोरक्ष राखतो. त्या दिवशी सगळा कळप डिंगोऱ्यात एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवलेला होता. इथून बरंच लांब. धावपट्टीवर मेंढरू नव्हतं. हे बाबांना माहीत आहे आणि आपल्यालाही माहीत असणार, कारण आपण समोर बघत होतात. तरीही पंधरा दिवसांत आपण एक शब्द बोलला नाहीत. मेंढरांमुळे आपली चूक झाकली जात असेल, तर एका गरीब माणसाच्या पोटावर पाय देऊन ती झाकली जाते आहे, एवढं आपल्या नजरेस आणून द्यावं असं वाटलं.

बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर वयाने मोठे आहात, समजून घ्याल. पण जे लिहिलं ते मागे घेणार नाही.

आपली,
वैजयंता

•

पुणे
५ मे १९९९

चि. वैजयंता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग आमच्या सौ.ला वाचायला दिलं. ती म्हणाली, "बरं फटकावलं तुम्हाला, कुणीतरी पाहिजेच होतं."

पंधरा दिवस मी गप्प होतो त्याचं कारण साधं आहे. पायात सळई घातली, ताप चढला, आणि या मेंढरांबद्दल मला कुणी काही विचारलंच नाही. तुझ्या पत्रातूनच पहिल्यांदा कळलं.

मेंढरं नव्हती. एकही नव्हतं. मी विमान वळवलं नाही, ते उठलंच नाही. पट्टी संपली, बांध आला. काल मी असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करून पोलिसांना, शेठजींना आणि विमान खात्याच्या चौकशी अधिकाऱ्यांना पाठवलं आहे. नक्कल सोबत जोडतो. मॅनेजरने पुन्हा काही म्हटलं तर ती दाखव.

म्हस्कूभाऊंना मी चांगला ओळखतो. दर खेपेला ते मला ताक देतात, आणि मी "पुरे" म्हटलं की आणखी ओततात.

त्यांना एक विचारशील का? धावपट्टीच्या टोकाला खांबावर नारिंगी कापडाची लांब नळी आहे. आम्ही तिला विंडसॉक म्हणतो. त्या सकाळी निघताना मी तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती सरळ खाली लोंबत होती, असं मला पक्कं आठवतं. त्यांनाही तसंच आठवतं का?

य. दिघे

•

येडगाव
१४ मे १९९९

आदरणीय साहेब, नमस्कार.

पहिल्या पत्राची मला लाज वाटते आहे. मॅनेजर साहेबांनी आपली नक्कल वाचली, घडी करून खिशात घातली आणि बाबांना म्हणाले, "जा, राहा." माफी मागितली नाही, पण खोल्या राहिल्या. पोलीस पाटलांनीही निरोप दिला, की मेंढरांचं प्रकरण मिटलं.

आईने आपल्या नावाने नारळ फोडला. मी म्हटलं, साहेबांनी फक्त खरं ते सांगितलं. तर म्हणाली, "खरं सांगायला बी कुनी लागतंच की."

आपलं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं. ताकाचं ऐकून बाबा लाजले. मग मी आपला प्रश्न विचारला, की त्या सकाळी निशाण कसं होतं? (आमच्याकडे सगळे त्या नळीला निशाणच म्हणतात.) बाबा लगेच म्हणाले, "खाली लोंबत व्हतं. मी समूरच हुबा व्हतो."

म्हणजे आपण बरोबर पाहिलंत, साहेब. वारा नव्हताच. हे कुठेही सांगायला बाबा तयार आहेत. याने आपल्याला मदत झाली तर आमचं थोडं ओझं उतरेल.

आपली,
वैजयंता

•

पुणे
२ जून १९९९

चि. वैजयंता,

खोल्या राहिल्या हे वाचून बरं वाटलं. बाबांची साक्ष मात्र सध्या कुठे देऊ नका. सांगतो का ते.

विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उडवतात. समोरून वारा आला की पंखांना आधार मिळतो. पाठून आला तर तेच विमान दुप्पट धावूनही उठायला कुरकुरतं. तुमची पट्टी पूर्वेकडे उतरती आहे. म्हणून वारा नसला की मी पूर्वेला, नाल्याकडे तोंड करून उडतो, आणि पश्चिमेचा वारा असला की चढ असूनही पश्चिमेला. त्या दिवशी नळी लोंबत होती, म्हणून पूर्वेला निघालो.

पण धावपट्टीच्या पश्चिमेला धरण आहे, तिथे वारा मोजायचं यंत्र आहे. त्यातली नोंद अधिकाऱ्यांनी काढली. दहा तारखेला सकाळी अकराला पश्चिमेचा चांगला वारा होता. म्हणजे तो माझ्या पाठीवर होता. उन्हाने हवा तापलेली, विमानात चार माणसं. उठणार कसं?

विंडसॉक अगदी हलक्या कापडाचा असतो. दोन्ही तोंडं उघडी. मोठ्या तोंडातून वारा शिरतो, लहान तोंडातून निघून जातो, त्यामुळे झुळूक आली तरी तो उठतो. एवढ्या वाऱ्यात तो लोंबणं शक्यच नाही. अधिकाऱ्यांनी खालून त्याचे फोटो काढले आणि शेरा लिहिला, 'उत्तम स्थितीत'. मग उरलो मी. फुगलेला विंडसॉक मला लोंबता दिसला, असा त्याचा अर्थ. आता माझे डोळे तपासणार आहेत, आणि डोळ्यांबरोबर डोकंही. मी चोपन्न वर्षांचा आहे. बाबांनी माझ्यासारखंच सांगितलं तर अधिकारी म्हणतील, नोकरी वाचवली म्हणून राखणदार उपकार फेडतो आहे.

मेंढरं असती तर मी सुटलो असतो, असं परवा मॅनेजर फोनवर म्हणाला. ते खरंही आहे. तू मात्र ते मनाला लावून घेऊ नकोस.

पूर्वी मी कापसावर औषध फवारणारी विमानं चालवली. शेताच्या बांधावर रुमाल बांधून वारा बघायचो. तीस वर्षांत हे डोळे कधी चुकले नाहीत. हल्ली गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघतो. हलतायत का? सौ.ला विचारतो. ती म्हणते, हलतायत. मलाही हलताना दिसतात. पण मग वाटतं, मला दिसतात म्हणून दिसतात, की ती म्हणाली म्हणून? आयुष्यभर ज्याच्या भरवशावर जगलो, त्याच्यावरच संशय आला की माणूस विचित्र होतो.

पुरे झालं रडगाणं. शाळा कधी सुरू?

य. दिघे

•

येडगाव
२० जून १९९९

आदरणीय साहेब,

आपलं पत्र पोचलं. शाळा सुरू झाली. मला पाचवीचा वर्ग दिला आहे, एकसष्ट मुलं आहेत. इकडे पाऊस बरा आहे. बाबांची तब्येत ठीक.

शाळेच्या कामामुळे यापुढे मला वरचेवर लिहायला जमेल असं वाटत नाही. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी.

वैजयंता

•

पुणे
८ जुलै १९९९

चि. वैजयंता,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. परक्या पुरुषाला सारखी पत्रं कशाला, असं घरी किंवा गावात कुणी म्हटलं असेल, किंवा लग्नाचं चाललं असेल. दोन्हींत वावगं काही नाही, आणि खुलासा करायची गरजही नाही. मुलगा शिकलेला बघ, आणि पुढे शिकू देशील का, हे आधी विचारून घे.

माझं एवढंच सांगतो, म्हणजे तुला चुटपुट राहणार नाही. वीस सप्टेंबरला पुण्यात सुनावणी आहे. मी भांडायचं नाही ठरवलं आहे. परवाना स्वतःहून परत करतो. काढून घेतला जाण्यापेक्षा ते बरं. डोळ्यांच्या डॉक्टरांना काही दोष सापडला नाही, पण 'त्या क्षणी काय झालं असेल सांगता येत नाही' असं त्यांनी लिहून दिलं. त्यांचंही बरोबर आहे. मलाच सांगता येत नाही.

सुखी राहा.

य. दिघे

•

येडगाव
२९ ऑगस्ट १९९९

आदरणीय साहेब,

लग्नाचं काही चाललेलं नाही. मला कुणी अडवलंही नव्हतं. मी आपल्यापासून एक गोष्ट लपवली.

पावसाळ्यात विमान येत नाही, म्हणून बाबा दरवर्षी जूनमध्ये निशाण उतरवून ठेवतात. आपलं दोन जूनचं पत्र वाचून झालं होतं. सोळा तारखेला बाबांनी दोर सोडला आणि खाली मी ते झेललं. साहेब, हातात घोंगडी घ्यावी तसं ते जड होतं. पिळलं तर पाणी निघालं. वरून तेच नारिंगी कापड, पण आतून सगळं घोंगडीचं अस्तर, आणि शेपटाकडचं तोंड दुहेरी टाक्याने शिवून बंद केलेलं. टाके मी ओळखले. माझ्या शाळेच्या दप्तराला तसेच होते.

आईला नुसतं विचारलं, हे कधी शिवलंस? ती कौतुकाने सांगायला लागली. "पाडव्याच्या आदल्या दिशी. पार चिंध्या झाल्या व्हत्या त्याच्या. वरीसभराचा सण, आन दारात फाटकं निशान? ज्याच्यावर प्वाट भरतं त्याचं? तुझ्या आज्याची घोंगडी व्हती जुनी, ती लावली आतून. आता धा वरसं फाटायचं न्हाई. आन खाली भोक ठिवलं व्हतं येड्यांनी, ते बी बुजवलं."

शेठजी परदेशात होते म्हणून पाडव्यापासून विमान आलं नव्हतं. आपण नऊ एप्रिलला सकाळी उतरलात तेव्हा वारा नव्हता. त्या संध्याकाळी वळवाची सर पडली आणि ते पाणी तळाशी साठून राहिलं. म्हणजे आपल्याला जे दिसलं तेच होतं. निशाण लोंबतच होतं. वारा असूनही.

मग मी बाबांकडे वळले. "त्या दिवशी वारा होता का?"

"व्हता की. मागनं, धरनाकडनं. टोपी उडाली माझी."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू निशानाचं इचारलंस. वाऱ्याचं कुठं इचारलंस?"

"आणि साहेबांना? उडायच्या आधी?"

बाबांनी हातातला दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "माघात एकदा बोललो व्हतो, वारं फिरलंय म्हनून. शेठ म्हनले, तू शेळ्या बघ, विमान बघायला सायेब हायेत. मंग म्या कशाला तोंड घालू? साहेबाला कळतंय आसंच वाटलं मला."

गोरक्षला कळवलं तर तो धावत आला आणि म्हणाला, "चुलीत घाल ते. नोकरी जाईल, खोल्या जातील, वरनं आईवर केस. साहेबाचं काय, मोठा मानूस हाय, पेन्शन घेईल." मी जाळलं नाही. पण पेटीत तळाशी ठेवलं, वर माझी पुस्तकं ठेवली, आणि आपल्याला ते चार ओळींचं पत्र लिहिलं. अपघात तिच्या शिवणीने झाला, हे मी आईलाही कळू दिलं नाही. सत्यासाठी आपल्याला फैलावर घेणारी मी! माझ्या बाबांसाठी आपण सुटायचा रस्ता सोडून दिलात, आणि मी आपल्यासाठी एक चिंधी पेटीतून बाहेर काढली नाही. वर्गात फळ्यावर सुविचार लिहिताना माझा खडू अडायला लागला.

आपलं जुलैचं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं नव्हतं. आई रोज विचारायची, "त्या सायबाचं पत्र आलं न्हाई व्हय?" मी नाही म्हणायचे. परवा पोस्टमन तिला वाटेत भेटला आणि म्हणाला, आलं होतं की, पोरीच्या हातात दिलंय. तिने भांडण केलं नाही. परात बाजूला सारली आणि समोर येऊन बसली. "वाच."

मी सगळं वाचलं. मग पेटीतून निशाण काढलं, आणि वारा त्यातून कसा जातो ते आपण लिहिलं होतं तसं समजावून सांगितलं. तिने शिवलेल्या तोंडात हात घातला, तो कुठपर्यंत जातो बघितलं, आणि तसाच ठेवून बसली.

"मंजी माझ्या हातनं," ती म्हणाली.

मी म्हटलं, तू मुद्दाम नाही केलंस. तिने ते ऐकलंच नाही. विचारलं, "डोळं गेलं म्हनतो का त्यो?"

"गेले नाहीत. पण त्यांना तसं वाटतं."

"चांगलेत त्याचे डोळं. लिही. आत्ता लिही, आन मला वाचून दाव."

म्हणून लिहिलं आहे. वाचून दाखवलं आहे. ती म्हणाली, "ह्ये बरं लिवलंस. आदी का न्हाई लिवलंस?"

वैजयंता

•

पुणे
६ सप्टेंबर १९९९

चि. वैजयंता,

पत्र वाचून मी कुबडी घेऊन गॅलरीत गेलो. समोर चार साड्या, दोन चादरी. सगळ्या हलत होत्या. मी कुणाला विचारलं नाही.

मला हवं होतं ते मिळालं. आता तू आणि तुझी आई माझं ऐका. हे आपल्यातच राहू दे. तुझं पत्र मी फाडून टाकलं आहे. माझ्या परवान्याची किंमत म्हणून तुमच्या खोल्या मी घेणार नाही.

आणि आईला सांग, एवढं सगळं स्वतःवर घेऊ नका. माघात शेठ म्हस्कूभाऊंवर खेकसले तेव्हा मी तिथेच उभा होतो, आणि गप्प बसलो. त्याआधी दर वेळी विमानात चढताना मी त्यांना 'काय म्हणतोय वारा?' असं विचारायचो. त्यानंतर विचारायचं सोडलं. शेठना आवडत नाही म्हणून. त्या दिवशीही शेडच्या आडोशाने चढलो, लांबून नळी बघितली आणि निघालो. मूठभर माती उधळून बघितली असती तरी कळलं असतं. शिवण तुझ्या आईची खरी, पण न विचारण्याचं काम मी एकट्याने केलं.

वीस तारखेला मी जाणार नाही. परवाना टपालाने पाठवतो.

य. दिघे

•

डिंगोरे
२६ सप्टेंबर १९९९

आदरणीय साहेब, नमस्कार.

आपलं पत्र आईला वाचून दाखवलं. माझं पत्र फाडलं म्हटल्यावर म्हणाली, "फाडलं? मंग आता तोंडानं सांगावं लागंल."

वीस तारखेला आपण नव्हतात, म्हणून काय झालं ते कळवते. पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. निशाण आईने पिशवीत घालून मांडीवर घेतलं होतं. कार्यालयात शिपाई आत सोडेना. मी म्हटलं, अपघाताचा पुरावा आहे. तो हसला. एवढ्यात मॅनेजर साहेब बाहेर आले. "तू इथं कशाला आलास रे म्हस्कू?" बाबा काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "निशान आनलंय," आणि उघड्या दारातून सरळ आत गेली.

अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी निशाण हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. खिडकीपाशी जाऊन आतून-बाहेरून बघितलं. पंखा जोरात लावायला सांगून समोर धरलं. ते जागचं हललं नाही. शेजारी बसलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याशी ते इंग्रजीत बोलले. मला थोडं कळलं. 'फोटोत कसं दिसणार?' असं काहीतरी.

मग त्यांनी विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुणी शिवायला सांगितलं?"

"फाटलं व्हतं," आई म्हणाली.

"पण कुणी सांगितलं?"

"फाटलेलं शिवायला सांगावं लागतं व्हय?"

कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी लेखनिकाला जबाब सांगितला आणि तो आईला वाचून दाखवला. त्यात होतं, 'मी सदर वस्तू चुकून अशा रीतीने शिवली.' आईने हात वर केला.

"चुकून न्हाई. ते खोडा."

"अहो बाई, तुमच्याच बाजूनं लिहिलंय ते."

"चुकून कशी शिवंल मी? दोन रात्री बसले व्हते. मुद्दाम शिवलं, लई चांगलं शिवलं. त्यानं सायबाचा पाय मोडला ते चुकलं. दोन्ही लिवा."

साहेब, मी भाषा विषय घेऊन बी.ए. झाले आहे. असं वाक्य मला सुचलं नसतं. लेखनिकाने अधिकाऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "बाई म्हणतात तसं लिहा."

मग बाबांनी वाऱ्याचं सांगितलं, टोपी उडाल्याचंही. आपण आधी विचारायचात तेही सांगितलं, आणि पुढे विचारायचं का थांबवलंत तेही. शेठजींचं नाव आलं तसे मॅनेजर उठून उभे राहिले. बाबांनी मागे वळून न बघता बोलणं पुरं केलं.

निशाण तिथेच ठेवून घेतलं. आईने विचारलं, "कधी देनार परत? सासऱ्याची घोंगडी हाय ती." त्यांनी तिला पावती दिली.

बाहेर आल्यावर मॅनेजर म्हणाले, "दोन दिवसांत खोल्या खाली करा." बाबांनी कोपरीच्या खिशातून चाव्या काढून त्यांच्या हातात दिल्या. सामान आई-बाबांनी आठवडाभर थोडं थोडं करून गोरक्षकडे हलवलं होतं. मला हे माहीत नव्हतं. दोघांनी मिळून ठरवलेलं, मी शाळेत असताना.

सध्या आम्ही डिंगोऱ्यात, भावाच्या पालाशेजारी एक खोली घेऊन आहोत. बाबा पुन्हा कळपाबरोबर जातात. मला शाळेला एसटीने जावं लागतं. गोरक्ष चार दिवस बोलत नव्हता. काल म्हणाला, "मेंढरं वाढवायचीच व्हती, मानूस मिळत नव्हतं. बाबा आलं ते बरंच झालं." त्याची समजूत घालायची पद्धत तशीच आहे.

आपला परवाना टपालात असेल तर तो परत मागवा. आपले डोळे चांगले आहेत, हे आता दोन जबाबांत लिहिलेलं आहे.

वैजयंता

•

पुणे
१८ नोव्हेंबर १९९९

चि. वैजयंता, आणि म्हस्कूभाऊ व रतनबाई यांनाही, कारण हे पत्र तू वाचून दाखवणारच,

निकाल आला. अपघाताची कारणं म्हणून पाठचा वारा, सदोष विंडसॉक, आणि वैमानिकाने दुसऱ्या कुठल्याही मार्गाने वाऱ्याची खात्री न करणं, अशी तिन्ही लिहिली आहेत. तिसरं माझं आहे आणि ते योग्य आहे. परवाना मी परत मागवला होता, तो सहा महिन्यांसाठी स्थगित केला, आणि ते महिने अपघाताच्या तारखेपासून मोजले. म्हणजे तो गेल्या महिन्यातच पुन्हा माझा झाला. डोळ्यांबद्दलचा शेरा काढून टाकला आहे. पाय थोडा आखूड राहील. चालायला काठी लागेल.

शेठजींकडे मी परत गेलो नाही. विमान शिकवणाऱ्या एका क्लबात मुलांना शिकवतो. डिंगोऱ्याला येऊन रतनबाईंच्या पाया पडायचं मनात होतं, पण सौ. म्हणाली, त्यांना अवघडल्यासारखं होईल, लिहूनच कळवा. म्हणून लिहितो. रतनबाई, नमस्कार करतो. माझं काय हरवलं होतं आणि तुम्ही काय परत दिलंत, ते तुम्हाला माहीत आहे.

परवा पहिला तास होता. मी मुलांना म्हटलं, उडायच्या आधी विंडसॉक बघा, मग माती उधळून बघा, आणि मग तिथे राखणीला जो माणूस उभा असेल त्याला विचारा. पहिल्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी होती. ती म्हणाली, "सर, त्या माणसानं चुकीचं सांगितलं तर?"

मी म्हटलं, "तसं होऊ शकतं."

"मग?"

"मग तो येऊन सांगतो," मी म्हणालो, "की माझं चुकलं. एसटीचं भाडं खर्चून, घर सोडून येऊन सांगतो."

मुलं हसली. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. मी पुढचा धडा सुरू केला.

तुमचा,
यशवंत दिघे